कुऱ्हाडीचे हात

मैदानावर त्यांना ‘कुऱ्हाड’ म्हणायचे, आणि ते काही लाडाचं नाव नव्हतं. सोळा वर्षं व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या बचावफळीत खेळताना थोरलीच्या बाबांनी समोरच्यांच्या दोन नडग्या मोडल्या, एकाचा जबडा निखळवला आणि स्वतःचं नाक चार वेळा फोडून घेतलं. चौथ्यांदा डॉक्टर म्हणाले, “आता सरळ करायला नाक शिल्लक नाही.” हाच माणूस घरी दोन्ही मुलींच्या गणवेशांना इस्त्री करायचा, आईचं डोकं दुखलं की चेपत बसायचा आणि झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा.

खेळ सुटला, गुडघे कामातून गेले, तरी एक विद्या अंगात राहिली. मुका मार कधीचा आणि कशाचा, हे ते नुसत्या रंगावरून सांगायचे. म्हणून लग्नानंतर थोरली माहेरी जायची ती लांब बाह्या घालूनच. पण एका रविवारी बाबा न सांगता तिच्या घरी टपकले, आणि नाचत आलेल्या नातीने आईची बाही धरून ओढली. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“कपाट लागलं,” थोरली म्हणाली.

“पिवळा आहे तो आठवड्याचा. जांभळा परवाचा. आणि कपाटाला बोटं नसतात, बाळ.”

तिला आधी लाज वाटली, मग रडू फुटलं. पोरीला घेऊन उंबरा ओलांडलास तर दोघींना जिवंत सोडणार नाही, असं नवऱ्याने बजावून ठेवलं होतं, तेही तिने सांगून टाकलं. नवरा तेव्हा अंघोळीला गेला होता.

“बॅग भर,” बाबा म्हणाले. “मी याला अडवतो.”

नवरा बाहेर आला, बॅग पाहिली आणि त्याचं टाळकं सरकलं. बाबा बेडरूमच्या दारात उभे होते. पहिल्याच ठोशाला त्यांचे दोन दात पडले. ते तसूभर हलले नाहीत, पण त्यांचे दोन्ही हात पाठीमागे गेले, बोटांत बोटं अडकवून. आपल्या गोलासमोर बचावपटू हात असेच मागे ठेवतात, चेंडू हाताला लागला तर समोरच्यांना पेनल्टी मिळते म्हणून. मेली ती सवय, नको तिथे उपटली.

“बाबा, हात काढा. मारा त्याला.”

“तू भर,” ते रक्त थुंकत म्हणाले.

नवऱ्याने पोटात लाथ घातली, मग टेबलावरची इस्त्री उचलून कपाळावर हाणली. कातडी फाटून डोळ्यावर लोंबली. तेव्हा बाबांनी खांद्याने त्याला भिंतीशी चेपून धरलं आणि म्हणाले, “निघ.” थोरली पोरीला उचलून धावली. जिन्यात शेजारीण भेटली, तिच्या हाती पोर आणि बॅग दिली. सुटलोच होतो आपण, हे तिला आजही जाळतं.

कारण ती परत वर गेली. बाबांच्या खेळाची कात्रणं सात वर्षांची असल्यापासून तिने एका वहीत चिकटवली होती. नवरा ती जाळल्याशिवाय राहणार नाही, हे तिला ठाऊक होतं. वही घेऊन ती वळली, तिला पाहून बाबांनी मान वळवली, आणि नवऱ्याचा मोकळा झालेला इस्त्रीचा हात त्यांच्या कानामागे बसला. पडता पडता त्यांनी जावयाच्या पायावर अंग टाकलं. हाड मोडल्याचा आवाज तिने दारातून ऐकला. ती तिसरी नडगी.

बाबा त्यानंतर अकरा दिवस जगले. नवरा तुरुंगात गेला. शुद्ध आली त्या एका दुपारी बाबांनी तिला जवळ बोलावलं. वही तिच्या पिशवीतच होती.

“परत का आलीस गं?”

“पोरीचे शाळेचे कागद राहिले होते.”

“मग बरं केलंस,” बाबा म्हणाले.