नंबरबाईंनी निवडलेलं मशीन

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात एक उंच खुर्ची, तिच्यासमोर अक्षरांचा तक्ता, आणि या दोन्हींच्या मधे गेली सव्वीस वर्षं उभ्या असलेल्या नंबरबाई. त्यांचं खरं नाव दुकानाच्या मालकालाही जरा थांबून आठवावं लागतं. आसपासच्या गल्ल्यांतले निम्मे लोक बाईंनी काढलेल्या नंबरातून जगाकडे बघतात. बाईंची पद्धत ठरलेली. डोळ्यांवर लोखंडी फ्रेम चढवायची, तिच्यात एक भिंग सरकवायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, “आत्ताचं बरं की मघाचं?” माणूस म्हणतो, आत्ताचं. मग पुढचं भिंग. असं करता करता एक वेळ अशी येते की माणूस म्हणतो, “बाई, दोन्ही सारखंच दिसतंय.” तिथे थांबायचं, आणि दोन्हींतला कमी नंबर द्यायचा. डोळ्यांवर उगाच भार नको. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली बाई शिकल्या त्यांनी हे एवढं एकच सूत्र दिलं होतं, आणि त्याने बाईंना कधी दगा दिला नव्हता. दिला तो कॉम्प्युटरच्या दुकानात.

बाईंचे यजमान म्हणजे शूटिंगवाले. लग्नं, वाढदिवस, शाळांची गॅदरिंगं, जिथे म्हणून चार माणसं नटूनथटून जमतात तिथे यांचा कॅमेरा हजर. पण त्यांचा खरा जीव होता नंतरच्या जोडणीत, म्हणजे एडिटिंगमध्ये. घरी येऊन मशीनसमोर बसले की तोंडाचा पट्टा सुरू. हा क्षण ठेवू की कापू, हिचं हसू इथे संपतं की अजून जरा पुढे, हा मामा दर वेळी मधेच का तडमडतो, असा सगळा वाद ते स्वतःशीच मोठ्याने घालत. स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातलं रेझर पडलं, आणि त्याच्या पाठोपाठ ते. दवाखाना, औषधं, व्यायाम, सगळं झालं. पाय परत आला, जीभ परत आली, उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत परत आला. बोटं मात्र यायची राहिली. आली ती वाकडी आणि थरथरती. शूटिंगवाल्यांनी महिन्याच्या आत कॅमेरा विकला, मशीन विकलं, “संपलं ते,” म्हणाले, आणि त्यानंतर बोलणंच संपवलं. वाढू का? हं. फिरायला जाऊ या? नको. सकाळ संध्याकाळ पलंगाच्या कडेला बसून कपाटाच्या दाराकडे बघणं एवढाच उद्योग. बाईंना कधीकधी राग यायचा. जीभ परत आली, ती कशाला आली मग?

अशात एका आठवड्यात दोन माणसं घरी येऊन गेली. पहिल्या फिजिओथेरपीच्या ताई. त्यांनी दिलेला रबरी बॉल पलंगाखाली धूळ खात पडलेला बघून त्या म्हणाल्या, “काका, बॉलचा कंटाळा येतो ना? मग गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळा. बोटांना तेवढंच काम होईल.” दुसऱ्या आल्या नाचाच्या क्लासच्या बाई. त्यांच्या वार्षिक कार्यक्रमाची फिल्म पंधरा वर्षं शूटिंगवालेच करत आले होते. यंदा चित्रण दुसऱ्यांनी केलं होतं, चार बाजूंना चार कॅमेरे लावून. ते सगळं ज्यात भरलं होतं ती हार्ड डिस्क त्यांनी टेबलावर ठेवली.

“जोडणी तुम्हीच करायची. महिनाभर थांबते मी,” त्या म्हणाल्या.

“दुसऱ्याला द्या,” शूटिंगवाले म्हणाले.

नाचाच्या बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, चहा प्यायल्या आणि डिस्क तिथेच ठेवून गेल्या.

त्या रात्री नंबरबाईंनी मनाशी पक्कं केलं. मशीन आणायचं. ज्यावर गेम खेळता येईल आणि ही फिल्मही जोडता येईल असं. हा महिना असाच गेला तर हा माणूस त्या पलंगावरून पुन्हा उठायचा नाही, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. विचारलं तर नको म्हणणार हे ठाऊक होतं, म्हणून विचारलंच नाही.

मशीन आणायचं म्हणजे दुकानात जाऊन ‘एक मशीन द्या’ म्हणायचं, असा बाईंचा साधा हिशोब. तो भाचीने फोनवर पहिल्याच मिनिटात मोडीत काढला. ही शूटिंगवाल्यांच्या बहिणीची मुलगी, गेम खेळण्यात तरबेज.

“मामी, तयार मशीन घेऊ नकोस हं. एकेक पार्ट निवडायचा आणि जोडून घ्यायचं.”

“अगं, मला काय कळतंय त्या पार्टांतलं?”

“मी यादी पाठवते ना. नुसती नेऊन दाखव.”

यादी आली. अकरा ओळी. त्यात ओळखीचा शब्द एकच, पंखा, आणि पंखे होते तीन. बाईंच्या घरात तीन खोल्यांत मिळून दोन पंखे होते. बाकी सगळी अक्षरं आणि आकडे, एकमेकांना चिकटलेले, तक्त्याच्या शेवटच्या ओळीसारखे. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचून बघितलं. चष्म्याचा दोष नव्हता.

कॉम्प्युटरच्या पार्टांचं दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. जमिनीपासून छतापर्यंत खोकी, आणि खोक्यांच्या मधे कानावर स्क्रू ड्रायव्हर अडकवलेला पार्टवाला. त्याने यादी वरून खाली एकदाच वाचली.

“कोणी दिली ही?”

“भाचीने.”

“गेम खेळते?”

“हो.”

“तरीच. ही खेळायची यादी झाली, ताई. तुम्हाला एडिटिंग पण करायचंय म्हणता. मग प्रोसेसर वेगळा लागेल. प्रोसेसर बदलला की बोर्ड बदलणार. बोर्ड बदलला की रॅम बदलणार.”

“आणि पंखे?”

“पंखे तेच.”

बाईंना त्या पंख्यांबद्दल एकदम माया वाटू लागली.

मग तीन दिवस बाईंचं डोकं म्हणजे नुसता भुगा. भाची म्हणाली, तो पार्टवाला नको ते तुझ्या गळ्यात मारतोय, ग्राफिक्स कार्ड मोठं घे, बाकी चालतं. पार्टवाला म्हणाला, कार्ड लहान चालेल, बाकी मोठं घ्या. भाची म्हणाली, खोक्याला काच हवी आणि आत रंगीत दिवे हवेत. “दिवे कशाला?” बाईंनी विचारलं, “आत कोण वाचत बसणार आहे?” पार्टवाला म्हणाला, दिवे नकोत, पण वीज पुरवणारा डबा चांगला घ्या, नाहीतर सगळंच जळेल. ‘सगळंच’ या शब्दाने बाईंची त्या रात्रीची झोप उडाली. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हे म्हणायला ठीक आहे. पण मनाला काही म्हणायचंच नसेल तर माणसाने काय करावं? चष्म्याच्या दुकानात खुर्चीवर बसलेल्या एका आजोबांना बाईंनी दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्याचं भिंग उजव्या डोळ्याला लावलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आजोबाच म्हणाले, “बाई, तब्येत बरी आहे ना?”

चौथ्या दिवशी मात्र बाईंनी पदर खोचला आणि पार्टवाल्याला सांगितलं, “मला दोन्ही लावून दाखवा. शेजारी शेजारी.”

त्याच्याकडे दाखवायची दोन मशीनं होती, एक भारी आणि एक साधं. दोन्हींवर त्याने गाड्यांच्या शर्यतीचा तोच गेम लावला. बाई मधोमध उभ्या राहिल्या. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. दोन्हीकडे लाल गाडी पळत होती, वळत होती, धूळ उडवत होती.

“आता ते कार्ड इकडे लावा आणि हे तिकडे.”

पार्टवाल्याने मुकाट्याने लावलं. बाईंनी पुन्हा बघितलं.

“सारखंच दिसतंय,” त्या म्हणाल्या, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास आला. हे आपलं क्षेत्र! इथे काय करायचं ते आपल्याला माहीत आहे. “साधं द्या.”

मग एकेक करत बाईंनी सगळी यादीच खुर्चीत बसवली. रॅम सोळा की बत्तीस? गेम लावा. सारखंच. सोळा द्या. प्रोसेसर हा की तो? गेम लावा. सारखंच. कमीतला द्या. शेवटी आली फिल्म साठवायची डिस्क.

“ही वेगवान, ही हळू,” पार्टवाला म्हणाला.

“मावतं किती?”

“दोन्हींत तेवढंच, पण...”

“तेवढंच ना? मग हळूच द्या. आम्हाला कुठे पळायचंय?”

पार्टवाल्याने कानावरचा स्क्रू ड्रायव्हर काढून हातात घेतला. “ताई, चार कॅमेऱ्यांचं काम आहे म्हणालात. गेम बघून नका ठरवू. एडिटिंगला थोडं जास्तच घ्यावं लागतं.”

बाईंनी ऐकलं. पण हा सूर त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. त्यांचा मालक रोज दहा गिऱ्हाइकांना याच सुरात सांगायचा, काचेवर अमुक कोटिंग घ्याच, तमुक थर घ्याच. दुकानदारीत केस पिकलेली बाई दुसऱ्या दुकानदाराच्या गोड बोलण्याला थोडीच भुलणार? “जोडून द्या,” त्या म्हणाल्या. घरी जाताना मात्र मनात एक किडा वळवळत राहिला. आपल्या खुर्चीत बसणाऱ्याला निदान अक्षरं तरी ओळखता येतात. आपण त्या पडद्यावर नेमकं काय बघत होतो? बाईंनी तो किडा दटावून गप्प बसवला.

मशीन घरी आलं. शूटिंगवाल्यांनी मान वळवून बघितलं.

“काय हे?”

“मशीन.”

“कोणाला?”

“घराला.”

त्यांनी मान परत कपाटाकडे वळवली. दोन दिवस मशीनवर चादर पडून राहिली. रविवारी दुपारी बाईंनी चादर काढली, भाचीने फोनवर सांगितलं तसा गेम सुरू केला आणि स्वतःच खेळायला बसल्या. गाडी पहिल्या वळणावर भिंतीला धडकली. दुसऱ्यांदाही तिथेच. नवव्यांदा धडकल्यावर मागून आवाज आला, “अगं, ब्रेक दाब, ब्रेक!”

“कुठलं बटण ते?”

“सरक तिकडे.”

शूटिंगवाले बसले. वाकड्या बोटांनी त्यांनीही गाडी दोनदा आपटली, तिसऱ्यांदा वळण पार केलं. अर्धा तास खेळले. मशीन लोण्यासारखं चाललं. बाई शेजारी उभ्या राहून हरखून बघत होत्या. मग शूटिंगवाल्यांनी गेम बंद केला, थोडा वेळ बोटं चोळली, आणि कुठेही न बघता म्हणाले, “आण ती नाचाची डिस्क इकडे.”

बाईंनी लगबगीने डिस्क आणून दिली.

सगळं आत उतरवून घेऊन शूटिंगवाल्यांनी चार कॅमेऱ्यांची चार चित्रं पडद्यावर एकाच वेळी लावली. चालवली, थांबवली, परत चालवली. कपाळावर आठी पडली.

“रॅम किती घेतलीस?”

“सोळा.”

“आणि हे सगळं ठेवलंय कशावर? ही डिस्क कसली?”

“हळू. पण मावतं तेवढंच.”

“हे निवडलं कोणी?”

भाचीचं नाव बाईंच्या ओठांवर आलं, पार्टवाल्याचंही आलं. “मी,” त्या म्हणाल्या.

आणि मग शूटिंगवाले भडकले. असे भडकले की शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून बघितलं. चार कॅमेऱ्यांच्या कामाला असलं मशीन? बैलगाडीला चार इंजिनं जोडतात का? मला एक शब्द विचारता येत नव्हता? मी काय मेलो होतो? आठ महिन्यांचं तुंबलेलं बोलणं धो धो वाहत होतं, आणि बाई त्यात उभ्या. रडावं की हसावं हेच त्यांना कळेना. चुकलं होतं, सपशेल चुकलं होतं. मग छातीवरचं ओझं उतरल्यासारखं का वाटत होतं?

“अहो, गेम लावून बघितला होता मी. दोन्ही सारखंच दिसत होतं, म्हणून कमीचं घेतलं.”

शूटिंगवाले एकदम थांबले. मग आवाज खाली आला. “गेमवर नाही कळत ते. गेम साध्यावरही पळतो. इथे चार फिल्मा एकदम वाचायच्या असतात, तिथे दम लागतो त्याला. उद्या सकाळी जाऊन बदलून आणू. डिस्क आधी, मग रॅम. मी येतो, तू एकटी गेलीस तर परत काहीतरी उचलून आणशील.”

“तुम्ही येणार?”

“मग काय! बस इथे. दाखवतो तुला.” त्यांनी खुर्ची ओढली, बाईंना शेजारी बसवलं आणि वाकडं बोट पडद्यावर टेकवलं. “ही निळ्या झग्यातली पोरगी बघ. गिरकी घेते. हात वर जातो, आणि मग एकदम खालीच. मधलं गायब. दिसलं?”

बाईंना खरंच नाही दिसलं. त्यांनी मान हलवली.

“परत बघ. आता हात वर... हा, आणि गेला. दिसलं?”

या वेळी दिसलं. हात वर होता, आणि मग एकदम कमरेवर. मधली सगळी गिरकी कुणीतरी कापून नेली होती. लख्ख दिसलं. आता आंधळ्यालाही दिसलं असतं. बाईंनी शेजारी बघितलं. नवरा पुढे झुकून बसला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि तोंड काही केल्या थांबत नव्हतं.

“नाही हो,” बाई म्हणाल्या.

“अगं, नीट बघ. तिच्या हाताकडे, चेहऱ्याकडे नको बघूस. आता?”

“अजून नाही.”

“लोकांचे नंबर काढतेस तरी कशी गं तू!” शूटिंगवाले वैतागून म्हणाले, आणि गिरकी पुन्हा पहिल्यापासून लावली.