टँकरमधला नारळ

माझी बायको आषाढात गेली. श्रावणात, नारळी पौर्णिमेला, शेजारच्या कोळीण काकू एकट्याच पाण्याच्या टँकरवर चढल्या. लातुरात त्यांना समुद्र म्हणून तोच. तिकडे वसईला त्यांचा भाऊ बहिणीचा नारळ पडल्याशिवाय बोट लोटत नाही. काकूंनी दर वर्षीसारखा दोरी बांधून नारळ आत सोडला. दोरीचं टोक धरायला मात्र माझी बायको नव्हती. नारळ दोरीसकट आत गेला आणि तोटीच्या तोंडाशी अडकला. गल्लीभर घागरी रिकाम्या.

“काकू, टँकर हाय ह्यो, समुद्र न्हाई!” ड्रायव्हर ओरडला.

“भरती-ओहोटी हाय ना त्याला? मग गप!”

तेवढ्यात भावाचा फोन आला, नारळ पडला का?

“पडला रं! दर्यानं धरूनच ठेवलाय!”

आता दोरी मी धरतो.