शोभेच्या घरातली केझिया

टेकडीवरच्या हवेलीतल्या बाईसाहेबांना दिवाणखान्याच्या खिडकीतून बघायला काहीतरी छान हवं होतं, म्हणून समोरच्या उतारावर ते घर बांधलं. गवताने शाकारलेलं, टुमदार, तीन धुराड्यांचं. त्यातली दोन नुसती दिखाऊ. खाली चूलच नाही. आता शोभेच्या घराला माणसंही शोभेची लागतात. केझिया लस्कम आणि तिचा नवरा एमोस यांना तिथे फुकट राहायला दिलं. अट एवढीच, की हवेलीत पाहुणे चहाला बसले की इकडे धूर निघायला हवा आणि केझियाने लाल शाल पांघरून दारात चरखा फिरवायचा. तिला सूत काढता येत नव्हतं, पण तेवढ्या लांबून सूत कुणाला दिसतंय? ती रिकामा चरखा फिरवायची आणि एमोस म्हणायचा, "अख्ख्या डेव्हनमध्ये इतकं बारीक सूत कुणी काढत नाही."

एका सकाळी एमोस उठलाच नाही. शेजारच्या जेनिफरने गावच्या रीतीप्रमाणे पडदे ओढले, चूल विझवली. शवपेटी घराबाहेर पडेपर्यंत चूल पेटवायची नसते. केझिया बसून होती. रडू येत नव्हतं. एमोसच्या पेल्यात कालची सफरचंदाची दारू उरली होती. ती ओतून टाकावी की ठेवावी, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी हवेलीचा कारभारी टॅपर आला. त्याने टोपी काढून दुःख व्यक्त केलं, टोपी घातली आणि मुद्द्यावर आला. लंडनचे पाहुणे आलेत. धूर दिसला नाही तर बाईसाहेब दुसरं जोडपं आणतील.

"आत माणूस निजलाय, साहेब. चूल पेटणार नाही."

"मग तू राहणार कुठे, केझिया?"

तो गेल्यावर ती उठली. घरामागे ओला पेंढा रचून तिने तो पेटवला आणि लाल शाल घेतली.

"अगं, आज तरी काळं घाल," जेनिफर म्हणाली.

"काळं तिकडून दिसत नाही."

छपरामागून धुराचा लोट चढला. केझिया चरखा फिरवत राहिली.

संध्याकाळी टॅपर पुन्हा आला. बाईसाहेब बेहद्द खूश होत्या. आज पहिल्यांदाच तिन्ही धुराड्यांतून धूर निघाला म्हणे. घर केझियाकडेच राहील. फक्त यापुढे रोज असाच धूर हवा.

केझिया "बरं" म्हणाली. मग रोज एवढा पेंढा आणायचा कुठून, हे एमोसला विचारायला ती आत वळली.