चढत्या क्रमानं लावलेली लेकरं

मॅडमनी माझा कागद उलटा धरला, मग सुलटा धरला आणि विचारलं, "यातलं कोणतं मूल कोणतं?"

मला प्रश्नच कळला नाही. कागदावर दोन रकाने होते. डावीकडं दिवाळीच्या सुमाराची बारा वजनं, उजवीकडं होळीनंतरची बारा. दोन्ही रकाने मी चढत्या क्रमानं लावले होते, कारण पत्रकात तसं बरं दिसतं. तेविसाव्या वर्षी मला पत्रक काढण्यापलीकडं येत तरी काय होतं? वर जाड मथळा, खाली तीन प्रश्न, प्रत्येक प्रश्नाच्या शेपटीला दोन उद्गारचिन्हं.

"कोणतं मूल कोणतं म्हणजे?" मी म्हणाले. "तांड्यातली आहेत सगळी."

मॅडम हिंगोलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. पुढ्यात तपासायच्या पेपरांचा ढीग, शेजारी भाजलेल्या शेंगा. एक शेंग फोडून त्या म्हणाल्या, "डावीकडचं पहिलं मूल आणि उजवीकडचं पहिलं मूल एकच आहे का?"

नव्हतं. क्रम लावताना मी नावंच गाळली होती. 

परभणीतून हिंगोली जिल्हा फुटून थोडीच वर्षं झाली होती. सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या अलीकडं एक तांडा आहे. दिवाळी झाली की तिथली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जात आणि होळीनंतर परत येत. आईबापासोबत लेकरंही ट्रकात चढत. मग तांड्यातली अंगणवाडी बंद. लेकरंच नाहीत तर शिजवायचं कुणाला? आणि अंगणवाडी बंद म्हणून लेकरं म्हाताऱ्यांपाशी ठेवता येत नाहीत. असा हा सरकारी घाण्याचा बैल, जागच्या जागी फिरणारा. आमचं चार-पाच पोरापोरींचं मंडळ होतं. मागणी एकच: हंगामात अंगणवाडी उघडी ठेवा, दोन वेळा शिजवून घाला, लेकरं मागं राहतील. तोडीवर लेकरं वाळतात, हे आम्ही घसा फुटेस्तोवर सांगत होतो.

जिल्ह्याच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "वाळतात म्हणजे किती? आकडा आणा."

आणला. लिंबाच्या फांदीला टांगता काटा बांधला, चड्डीसारख्या झोळीत एकेक लेकरू बसवलं. तीन ते पाच वर्षांची बारा लेकरं जाण्याआधी तोलली, आल्यावर तोलली. बायका हसून बेजार. "ताई, तुमीबी बसा की झोळीत! कचेरीत हेलपाटे घालून किती झिजल्या ते लिहा." एकजण म्हणाली, "नगं माय, फांदी मोडंल." मी वहीतून नाव पुकारायचे, आई "व्हय" म्हणायची, मी काट्याकडं बघून आकडा लिहायचे. झोळीतल्या तोंडाकडं मी बघितलंच नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.

साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला, दोन्ही रकान्यांच्या बेरजा केल्या, बारानं भागलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. "सरासरी तेवढीच आहे, ताई. मग वाळलं कोण?"

पत्रक छापून झालं होतं. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात निम्मं वाटूनही झालं होतं. त्यात साहेबांच्या पोटाच्या घेराबद्दलही एक ओळ होती.

तो कागद घेऊन मी मॅडमकडं आले होते. वाटलं होतं, त्या साहेबांची चूक काढतील. त्यांनी माझी काढली.

"तीन वर्षांचं मूल नऊ किलोचं, पाच वर्षांचं पंधराचं," त्या म्हणाल्या. "मुलामुलांतच सहा किलोची तफावत. त्या गर्दीत अर्ध्या किलोची झीज कशी दिसेल? प्रत्येक मूल त्याच्या स्वतःशीच ताडून बघायचं. जोडी लावायची, वजाबाकी करायची आणि मग फक्त वजाबाक्यांकडं बघायचं. त्यांची सरासरी किती, त्या एकमेकींपासून किती फाकल्या आहेत आणि किती जोड्या आहेत, यांतून टी निघतो. टी मोठा आला तर समजायचं, इतका फरक नुसत्या योगायोगानं पडणं अवघड आहे. जोड्यांची टी-टेस्ट म्हणतात तिला. आणि काय गं, ही वाढती मुलं ना? एवढ्या महिन्यांत वजन वाढायला हवं होतं. तेवढंच राहिलं तरी ते कमीच झालं, हे साहेबाच्या तोंडावर सांगता नाही आलं तुला?"

नाही आलं. सुचलंच नाही. एवढं ओरडत होते, आणि हातातलं सोपं वाक्य सुचलं नाही.

मूळ वही आणली. नावासमोर नाव ठेवलं, वजाबाक्या केल्या. दहा लेकरं उतरलेली, दोनशे ग्रॅमपासून आठशे ग्रॅमपर्यंत. एक शंभर ग्रॅमनं वाढलेलं. आणि एक चार किलो दोनशेनं.

"चार किलो दोनशे!" मॅडमनी चष्मा वर सारला. "हे ऊस तोडायला गेलं होतं की खायला?"

त्या एका आकड्यानं सगळी माती केली होती. उतरलेल्या दहा जणांची झीज त्यानं एकट्यानं भरून काढली, आणि वजाबाक्या अशा फाकवल्या की टी जवळजवळ शून्यावर येऊन बसला.

"काढून टाका त्याला," मी म्हणाले.

"का? तुला आवडत नाही म्हणून?"

"चुकीचा आहे तो!"

"मग चूक शोधून आण. नुसतं चुकीचा म्हणून नाही चालायचं."

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले. त्या लेकराची आई गोधडी उन्हात टाकत होती. मी वही उघडून, दाराशी उभ्या असलेल्या गुटगुटीत पोराकडं बोट केलं. "हेच ना?"

ती गोधडी झटकत राहिली. तिची सासू आतून म्हणाली, "त्ये हिच्या जावंचं हाये."

"मग तुमचं कुठं आहे?"

मी वाकून आत गेले. कोपऱ्यात बाजेवर एक लेकरू पडलं होतं. मला बघून त्यानं नुसते डोळे फिरवले, मान नाही. हात काडीसारखे झाले होते. दिवाळीला हेच लेकरू झोळीत बसलं तेव्हा कसं दिसत होतं, ते वहीत नव्हतं. मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही. "एकेका लेकराचा चेहरा डोळ्यांपुढं आणा!!" हे आमच्याच पत्रकातलं वाक्य. माझंच.

"दुसऱ्याचं लेकरू काहून बसवलं झोळीत?" माझा आवाज चढला. "अंगणवाडी उघडावी म्हणून मी जिवाचं रान करून राहिले, अन् तुमीच..."

"वरडू नका ताई," ती म्हणाली. "आमच्यात म्हणत्यात, तोललेलं घरात ऱ्हात न्हाई. कापूस तोलला, गेला. बोकड तोललं, गेलं. दिवाळीला लेकरू धडधाकट व्हतं, मी म्हणलं, बसू द्या. आता ह्ये असं. ह्याला काट्याला टांगू मी? तुमी नाव पुकारलं तवा जावंचं पुढं केलं. तुमी कुठं तोंड बघितलं?"

मला पहिल्यांदा त्या समजुतीचाच राग आला. अंधश्रद्धेवर आमचं वेगळं पत्रक होतं. ते मी तिथंच तोंडपाठ सुरू केलं. ते संपल्यावर ती म्हणाली, "तुमाला माझं लेकरू पाह्यजे का त्याचं वजन?"

वजनच हवं होतं मला. खोटं कशाला बोलू?

त्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं. न्यायला तिचा नकार नव्हता, सोबत कुणी नव्हतं एवढंच. उठताना मी हळू आवाजात म्हणाले की खरा आकडा नसला तर साहेब कागद बघणारसुद्धा नाहीत, आणि पुढल्या दिवाळीला हे लेकरू परत ट्रकात चढेल. तिनं गोधडीची घडी घातली. म्हणाली, "लेकराला तोलायचं न्हाई. मला तोला."

"तुम्हाला तोलून काय करू?"

"लेकरू कडंवर घेऊन उभी ऱ्हाते. मग ठिवते खाली अन् एकली उभी ऱ्हाते. वजा करता येतं का न्हाई तुमाला?"

सासू आतून खेकसली, "अन् तू गेलीस म्हंजी गं?"

"मी तर दर साली जातेच की," ती म्हणाली. त्यावर सासूही हसली. मला हसू आलं नाही.

दवाखान्याच्या वाटेवर, साखऱ्यातल्या धान्याच्या दुकानात जमिनीवरचा काटा होता. मापं घालून आधी त्याचा खरेपणा बघितला, नाहीतर मॅडमनी मला सोलून काढलं असतं. लेकरू घेऊन एक्कावन्न किलो. एकटी एक्केचाळीस दोनशे. म्हणजे लेकरू नऊ किलो आठशे. दिवाळीला ते दहा नऊशे होतं. अकराशे ग्रॅम झिजलेलं, बाराही जणांत सगळ्यात जास्त.

डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. मी एसटीनं तशीच हिंगोलीला गेले, विजयी मुद्रेनं. मॅडमनी दोन वेळा गणित केलं. त्या जोडीला वगळून अकरा लेकरांचा टी साडेपाचाच्या थोडा वर आला. तिला धरून बारांचा सव्वापाचाच्या थोडा वर. चिन्ह दोन्हीकडं उणंच.

"कमी झाला?" मी ओरडले. "सगळ्यात जास्त वाळलेलं लेकरू आलं आणि पुरावा कमी झाला?"

"सरासरी झीज वाढली बघ. पण ते बाकीच्यांपासून लांब पडलंय, त्यामुळे फाकणंही वाढलं. टी त्यानं भागलेला असतो."

"हा कसला न्याय?"

"न्याय नाही गं, भागाकार आहे." त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली. "दोन्ही टी मोठेच आहेत. साहेबासाठी कुठलाही पुरेल. अकरा घेतलेस तर तक्ता स्वच्छ दिसेल, एकच काटा, एकच पद्धत. वेगळा काटा आणि उशिरा घेतलेलं वजन, एवढं कारण लिहिलंस तर कुणी नाव ठेवणार नाही. ठरव."

खरं सांगते, मी थांबले. अकराचा तक्ता खरंच देखणा होता, आणि मी देखण्या तक्त्यांवरच वाढलेली. पण ज्याच्या अंगावर झीज सगळ्यात जास्त दिसत होती तेच लेकरू तक्त्यात नीट बसत नाही म्हणून गाळायचं? आधी त्याच्या आईनं लपवलं, आता मी लपवू? बाराही लिहिले. शेवटच्या नावापुढं लिहिलं: हे वजन आईसह घेऊन आईचं वजा केलं आहे. उद्गारचिन्ह दिलं नाही.

साहेबांनी टी बघितलाच नाही. त्यांचं बोट बरोबर त्या शेवटच्या ओळीवर थांबलं. "हे असं काहून?"

सांगितलं सगळं. झोळी, जावेचं पोरगं, माझी चूकसुद्धा. तोवर कधीही मी कचेरीत आपली चूक सांगितली नव्हती. त्यांनी विचारलं, "लेकरू आहे का आता?"

"दवाखान्यातनं घरी आलंय."

पत्रकातल्या पोटाबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "एक हंगाम करून बघू."

त्या दिवाळीनंतर अंगणवाडी उघडी राहिली. ते लेकरू आजीपाशी राहिलं. ट्रक निघताना आईनं मागं बघितलं नाही, असं सासू सांगत होती.

होळी झाल्यावर मी वही घेऊन गेले. तांड्यात मागं राहिलेल्या लेकरांची वजनं झाली. या वेळी प्रत्येक तोंड बघितलं, नाव विचारलं. ती मात्र झोळीकडं फिरकली नाही. म्हणाली, "आपलं ठरलंय तसं." साखऱ्याच्या त्याच दुकानात गेलो. लेकरू काट्यावर चढायला स्वतःच धावत होतं, तिनं धरून कडेवर घेतलं.

दुकानदारानं काट्याकडं बघितलं. "एक्कावन्न दोनशे. तेवढंच आहे की हो ताई. मागल्या साली बी एवढंच व्हतं."

माझा चेहरा पडला. मग तिनं लेकरू खाली सोडलं आणि ते पळालं. ती एकटीच काट्यावर उभी राहिली. दुकानदार वाकला, परत बघितलं, मापं सारखी केली.

"अडतीस आठशे," तो म्हणाला.

लेकरू बारा चारशे झालं होतं. मी ते लिहिलं. ती पदर सारखा करत काट्यावरून उतरली, विचारलं, "किती भरलं लेकरू?"

मी सांगितलं. ती खूश झाली. आणि मी वही हातात धरून बघत राहिले. दोन होळ्या, तीच बाई, तोच काटा, एक्केचाळीस दोनशे आणि अडतीस आठशे. ही जोडी लावायला आम्ही वहीत रकानाच आखला नव्हता.