ग्रुपवर कुणी काही विचारत नाही

आम्ही मित्रमंडळींनी लिहिलेल्या, सर्वांना खुल्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये नातीला जोडाक्षर उमटवता येईना. तिनं एआयला विचारलं.

"अगं, मी इथेच बसलेय की!"

"आजी, ते ओरडत नाही."

खरंय. तरुणपणी मी भलतीच शहाणी होते. या प्रोग्रॅमच्या मदतीसाठी काढलेल्या ग्रुपवर नवख्यानं तोंड उघडायचा अवकाश, मी खेकसायची, "आधी सूचना वाचा!" एका मास्तरांना असंच झापलं. ते चार दिवस माझ्याशी तावातावानं भांडले आणि मग वीस वर्षं आमच्याबरोबर प्रोग्रॅममधल्या चुका दुरुस्त करत राहिले.

आता उत्तर गोड मिळतं, लगेच मिळतं. भांडायला कुणी येत नाही, म्हणून राहतही नाही.

परवा मास्तर गेले. मी ग्रुपवर कळवलं. अजून कुणी वाचलेलं नाही.