संप भरणारा

कानडी मुलखातल्या कुवेंपुनगरात राहायला येऊन आठवडा झाला नाही तोच नळ कोरडा पडला. बोलावलेला टँकरवाला तिथलाच, जुन्या मराठी घरातला. आल्या आल्या म्हणाला, "संप कुठं हाय, अक्का?"

मी हादरलेच. "तुमचाही संप?"

तो पोट धरून हसला आणि त्यानं अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचललं. इथं तिलाच संप म्हणतात!

पाइप टाकीत सोडतोय तोच त्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता: एक हॉटेलवाला त्याच पाण्याला दुप्पट भाव देत होता.

"इल्ला अण्णा, नाही जमायचं, अक्कांच्या घरात पाणी पडायलंय," म्हणून त्यानं फोन खिशात टाकला. जाताना पाइपातलं उरलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं.

नळ संपावर होता. त्यानं आमचा संप भरला.