तार आली होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही — देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात, मग तिथे कशाला तोंड उघडा, असं स्वतःला समजावत आलो. तुम्हाला का सांगतोय? ते मात्र विचारू नका.

मी तारमास्तर होतो. प्रवरेच्या बाजूचं एक गाव — नाव घेत नाही, त्या घरची माणसं अजून तिथे आहेत. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं, ते दिवस. पाऊसकाळ सरला की गाव निर्धास्त व्हायचं, आणि माझी धास्ती तिथून सुरू व्हायची. आश्विन-कार्तिकात बंगालच्या उपसागरात वादळ उठतं, आणि एखादं अर्धा देश तुडवत पार आपल्या नगर जिल्ह्यापर्यंत येतं. देशभरातून वाऱ्यापावसाच्या तारा पुण्याला जात, तिथे अंदाज बांधत, आणि इशाऱ्याची तार आमच्याकडे येई. ती मी पाटलाला कळवायची, पाटलाने दवंडी द्यायची. त्यात चुकण्यासारखं काय आहे, सांगा?

आदल्या वर्षी अशीच तार आली. मी तर उत्साही प्राणी — दवंडीवाल्याबरोबर स्वतः गल्लोगल्ली फिरलो. लोकांनी घाईघाईने खळ्यावरची बाजरी ओलीच घरात भरली. आणि वादळ? ते तिकडे मद्रासकडेच विरलं. आमच्याकडे थेंब नाही. कोंडलेली कणसं तापली, काळी पडली. मग काय, गावाने माझं बारसंच केलं — वादळबुवा! चहाच्या हॉटेलात पाऊल टाकलं की कुणीतरी छत्री उघडायचं. मी पडलो मानी माणूस. मला अपमान गिळता येत नाही, मी तो चघळत बसतो.

हसली नाही ती एकटी सरूबाई. गावाच्या कडेला घर, नवरा किसन, दोन म्हशी. तिचीही बाजरी गेली होती. तरी सगळ्यांना सांगायची, मास्तरांनी आपल्या भल्याचंच सांगितलं, आभाळ काय त्यांच्या हातात हाय का.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा तार. मुसळधार पाऊस, ओढ्यानाल्यांना पूर येण्याचा संभव. बाहेर ऊन लख्ख. मी तार वाचली, घडी घातली — आणि कोटाच्या खिशात टाकली. संध्याकाळपर्यंत बघू म्हटलं. कसलं बघणार होतो, कपाळ? ती छत्री पुन्हा बघायची नव्हती, एवढंच.

दुपारी हॉटेलापुढच्या बाकावर बसलो होतो. भोवती नेहमीचे टवाळ. तेवढ्यात सरूबाई आली. किसन एक म्हैस घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघाला होता, आणि वाटेत मोठा ओढा. तिने सगळ्यांदेखत विचारलं —

"मास्तर, तार-बीर काई आली का? धन्यास्नी जाऊ द्यावं, का आज ऱ्हाऊ द्यावं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकाच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलेलं मला दिसलं. तार खिशात, अगदी छातीपाशी. आणि मी म्हणालो —

"काही आलेलं नाही. जाऊ द्या खुशाल."

आवाज कापलासुद्धा नाही माझा.

दिवस मावळायच्या आत आभाळ फाटलं. वाऱ्याने तारेचे खांब आडवे केले. किसन ओढ्याच्या मध्यावर असतानाच वरून लोंढा आला. म्हैस पोहून निघाली. किसन दुसऱ्या दिवशी खाली बाभळीच्या झुडपात सापडला. गाव म्हणालं, तारा तुटल्या, मास्तर बिचारा काय करणार? मी मान हलवली. तारा कधी तुटल्या आणि तार कधी आली, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? ती तार मी चुलीत घातली. अजून ऐन दिवाळीत लख्ख ऊन पडलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

तेरावं झाल्यावर सरूबाई माझ्या घरी आली. मला वाटलं, कळलं हिला. पण ती ओट्यावर टेकली आणि मलाच धीर द्यायला लागली. मी धड जेवत नाही, हे तिच्या कानावर गेलं होतं.

"जिवाला लावून घिऊ नका, मास्तर. तार आली असती तर तुमी सांगितलंच असतं. मला ठाव हाय."

तेव्हा सांगायचं होतं. ओट्यावर तिसरं माणूस नव्हतं, हसणारं कुणी नव्हतं. कशाची भीती होती आता? आणि मी काय म्हणालो —

"म्हणजे काय, सरूबाई! सगळ्यात आधी तुमच्याच घरी आलो असतो."

ते ऐकून तिला बरं वाटलं.